‘मॅडम, काहीच येईना’: नर्सिंगच्या टॉपिकवर लेख सापडत नसतील तर काय काय तपासायचं

सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, जमा करायची तारीख आठ दिवसांवर आली की आमच्या ग्रंथालयाच्या दारात चपलांची गर्दी होते. आत येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात मोबाईल, मोबाईलवर पबमेड (वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची) आणि तोंडात एकच वाक्य: ‘मॅडम, काहीच येईना.’ लातूर-अंबाजोगाई पट्ट्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. एम.एस्सी.च्या मुली येतात, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं येतात, नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक करणाऱ्या सिस्टर रात्रपाळी संपवून थेट येतात. दरवर्षी हेच होतं, म्हणून जे तोंडी सांगते ते एकदा लिहून ठेवते आहे.

‘येईना’ म्हणजे नेमकं काय, हे आधी विचारावं लागतं. कुणाला शून्य निकाल येतात. कुणाला चाळीस हजार येतात आणि त्यातला एकही कामाचा नसतो. कुणाला लेखाचं नाव दिसतं पण लेख उघडत नाही. कुणाला काल सापडलेला लेख आज मिळत नाही. या चारही अडचणींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे आपली तक्रार यातली कोणती ते आधी ठरवा.

आणखी एक. बहुतेक मुली आल्या आल्या म्हणतात, ‘माझं इंग्लिशच कच्चं आहे मॅडम.’ मराठी माध्यमातून आलेल्या तर हे धरूनच चालतात. मी इंग्रजी माध्यमातल्या मुलींनाही शोधाच्या त्याच पेटीत तेच शब्द टाकून तोच शून्य मिळवताना पाहिलं आहे. अडचण इंग्रजीची नाही. तुमच्या टॉपिकची भाषा आणि डेटाबेसची भाषा वेगळी आहे, आणि ती वेगळी असते हे कुणी सांगितलेलं नसतं.

(या लेखात शोधशब्द देवनागरीत लिहिले आहेत. पेटीत टाकताना ते इंग्रजी अक्षरांतच टाकायचे.)

शून्य निकाल: आख्खं शीर्षक पेटीत टाकलंय का?

केज तालुक्यातली एक विद्यार्थिनी होती. तिची आई दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जायची, म्हणून हिने टॉपिकच तो घेतला: ‘निवडक साखर कारखान्यांवरील ऊसतोड महिला कामगारांच्या ॲनिमियाविषयीच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता अभ्यासणे.’ गाईडने मंजूर केलेलं शीर्षक म्हणून तिने ते इंग्रजीत जसंच्या तसं पबमेडमध्ये पेस्ट केलं. शून्य. मग ‘निवडक’ काढलं, पुन्हा शून्य. तीन दिवस ती एकेक शब्द काढत बसली होती.

पबमेडची पेटी तुमचं वाक्य वाचत नाही. ती शब्द आणि शब्दगट वेगळे करते, ‘ऑफ’, ‘द’ असले बारके शब्द टाकून देते आणि उरलेल्या सगळ्यांमध्ये स्वतःच ‘अँड’ घालते. म्हणजे शीर्षकातले दहा-बारा शब्द एकाच नोंदीत असले पाहिजेत अशी अट आपोआप लागते. अशी नोंद असेल तर ती फार तर तुमच्यासारखाच टॉपिक घेतलेल्या कुणाची तरी.

शिवाय ‘स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम’, आपली एसटीपी, हा मुख्यतः आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांतला शब्दप्रयोग आहे. तेच काम बाहेरचे लोक ‘हेल्थ एज्युकेशन’, ‘पेशंट एज्युकेशन’ किंवा ‘एज्युकेशनल इंटरव्हेन्शन’ या नावाने करतात. ‘सिलेक्टेड हॉस्पिटल्स’ हेही तसंच. हे शब्द सिनॉप्सिससाठी ठीक आहेत, शोधासाठी निरुपयोगी.

म्हणून शीर्षक कागदावर लिहा आणि ‘अभ्यासणे’, ‘परिणामकारकता’, ‘ज्ञान’, ‘निवडक’ हे शब्द खोडा. उरतं ते तीन प्रश्नांचं उत्तर: कोण, कशाबद्दल, आपण काय करणार. आमच्या मुलीच्या बाबतीत ऊसतोड कामगार, ॲनिमिया, आरोग्य शिक्षण. आता प्रत्येकासमोर त्याच अर्थाचे आणखी शब्द लिहा. एका ओळीतल्या शब्दांमध्ये ‘ऑर’ घालून त्यांना कंस करायचा आणि कंसाकंसांमध्ये ‘अँड’. हे दोन्ही शब्द कॅपिटल अक्षरांतच लिहायचे. कंस विसरू नका. पबमेड डावीकडून उजवीकडे क्रमाने वाचत जातं, त्यामुळे ‘शुगरकेन अँड कटर्स ऑर वर्कर्स’ असं बिनकंसाचं लिहिलं की जगातले सगळे ‘वर्कर्स’ तुमच्या अंगावर येतात. चाळीस हजार निकालांची तक्रार घेऊन येणाऱ्यांचा कागद पाहिला की बऱ्याचदा कंसच नसतो.

पहिल्याच फटक्यात तिन्ही गोष्टी जोडू नका. आधी एक टाका, आकडा बघा. मग दुसरी जोडा, पुन्हा बघा. कुठल्या शब्दाने निकाल आटले ते लगेच कळतं.

तिने नुसतं ‘शुगरकेन’ टाकलं तेव्हा काय आलं, ते सांगण्यासारखं आहे. उसाची जनुकं, चिपाडापासून इथेनॉल, खोडातले जिवाणू. कारण पबमेड ‘शुगरकेन’चा अर्थ स्वतःच ‘सॅकॅरम’ असा लावतं, म्हणजे उसाचं वनस्पतिशास्त्रीय नाव. त्याच्या लेखी ऊस ही वनस्पती आहे, तो तोडणारं माणूस त्यात नाही. मग ‘वर्कर्स ऑर कटर्स ऑर हार्वेस्टर्स’ हा कंस जोडला आणि पडद्यावर निकाराग्वा आणि एल साल्वाडोर आले. ती हिरमुसली. ‘मॅडम, हे तर किडनीचं आहे. आणि भारतातलं पण नाही.’

मी तिला ते सोडू दिलं नाही. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर ऊस तोडणाऱ्या मजुरांमध्ये, मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही, मूत्रपिंडं निकामी होण्याचा आजार गेली वीसहून अधिक वर्षं अभ्यासला जातो आहे. उन्हातलं कष्टाचं काम आणि शरीरातलं पाणी कमी होणं याकडे त्यात मोठं कारण म्हणून पाहिलं जातं, आणि ‘पाणी, विश्रांती, सावली’ या तीन गोष्टींवर उभे केलेले प्रतिबंधक कार्यक्रम तिथे राबवले गेले आहेत. फडात काम करणाऱ्या माणसाला आरोग्याचं काही सांगायचं तर ते कधी, कुठे, किती वेळात, मुकादमाची परवानगी कशी, याचा विचार तिथल्या लोकांनी केलेला आहे. आपली मुलगी नेमकं तेच करायला निघाली होती. भारतातला नाही म्हणून लेख बाजूला टाकायची सवय फार नुकसान करते.

भारताकडे यायचं तर दार वेगळं आहे. आपल्याकडचे लेखक त्याच बायकांना ‘मायग्रंट वर्कर्स’ किंवा ‘सीझनल मायग्रंट्स’ म्हणतात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, शासनाने चौकशी समिती नेमली. त्या अंगाने शोधायचं तर ‘हिस्टरेक्टॉमी’ आणि ‘इंडिया’ हे शब्द लागतात. विषय एकच, पण कुणी त्याला ऊस म्हणतं, कुणी स्थलांतर, कुणी शस्त्रक्रिया. शोधणाऱ्याला तिन्ही दारं ठोठवावी लागतात.

वॉर्डातला शब्द आणि पुस्तकातला शब्द

वॉर्डात आपण ‘बेडसोर’ म्हणतो. पबमेडमध्ये या आजाराचं अधिकृत विषयनाव ‘प्रेशर अल्सर’ आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०१६ मध्ये ‘प्रेशर इंज्युरी’ हा शब्द स्वीकारला, त्यामुळे त्यानंतरचे अनेक लेख त्या नावाने आहेत. तिन्ही शब्द ‘ऑर’ने जोडा.

अधिकृत विषयनाव म्हणजे मेश. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने ही यादी १९६० मध्ये सुरू केली. ग्रंथालयात एका विषयाची पुस्तकं, त्यांची नावं काहीही असोत, एका वर्गांकाखाली एका कपाटात येतात. मेश लेखांसाठी तेच करतं. पबमेडच्या पहिल्या पानावरच मेश डेटाबेसचा दुवा आहे. तिथे आपला शब्द टाका, खाली त्याची व्याख्या आणि पर्यायी शब्दांची यादी मिळते. ती यादी वहीत उतरवून घ्या, ‘ऑर’च्या कंसासाठी आयते शब्द मिळतात. ‘स्टाफ नर्स’साठी तिथे ‘नर्सिंग स्टाफ, हॉस्पिटल’ आहे. आशाताईंसाठी ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर्स’. नुसतं ‘आशा’ टाकाल तर अमेरिकेतल्या वाचा आणि श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेचे लेख येतील, कारण तिचंही संक्षिप्त नाव तेच आहे.

स्पेलिंगचा घोळ वेगळा. आपण ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकतो, त्यामुळे ॲनिमिया, डायरिया, पेडियाट्रिक या शब्दांत आपल्याकडे जास्तीची अक्षरं असतात. पबमेडमध्ये शब्द साधा टाकला तर ते बहुतेक वेळा दोन्ही स्पेलिंगं सांभाळून घेतं. पण अवतरणचिन्हात टाकला किंवा शेवटी तारा (*) लावला की ही मदत बंद होते आणि तुम्ही लिहिलं तेवढंच शोधलं जातं. ‘नेमकं शोधायचं म्हणून कोट केलं’ असं सांगणाऱ्यांचे निकाल इथे गळतात. पबमेडने तुमच्या शब्दांचा काय अर्थ लावला हे ॲडव्हान्स्ड पानावर, हिस्टरीच्या तक्त्यात ‘डिटेल्स’खाली दिसतं. काही चुकतंय असं वाटलं की मी सगळ्यात आधी तेच उघडते.

काल येत होते, आज शून्य: फिल्टर बघा

डाव्या बाजूला टिचकी मारून लावलेला फिल्टर पुढच्या शोधालाही लागू राहतो. काल तुम्ही ‘फ्री फुल टेक्स्ट’ आणि ‘एक वर्ष’ लावलं, आज नवा शब्द टाकला, तरी ते दोन्ही लागलेलेच असतात. निकालांच्या वरच्या ओळीत कोणते फिल्टर लागले आहेत ते लिहिलेलं असतं, शेजारी ‘क्लिअर ऑल’. मोबाईलवर ही ओळ पटकन नजरेत येत नाही. प्रत्येक नवा शोध सुरू करताना ते दाबायची सवय लावून घ्या.

फिल्टरचा दुसरा प्रकार मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो. काही वर्षांपूर्वी मी एका बॅचला फार नेटकेपणाने शिकवलं: शोध फक्त मेशनेच करायचा, मग ‘ह्युमन्स’, मग ‘फीमेल’, मग वयोगट. मुलींनी तसंच केलं. डिझर्टेशन झाली, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक आले. एका मुलीचा रिव्ह्यू चाळून ते म्हणाले, ‘तुर्कस्तान आहे, इराण आहे, अमेरिका आहे. भारतातला एकही अभ्यास नाही?’ तिने तिसऱ्यांदा तपासलेली, मन लावून केलेली यादी होती ती. उत्तर तिच्याकडे नव्हतं, कारण चूक माझ्या शिकवण्यात होती. मी त्याच रात्री तिचा शोध पुन्हा चालवला, सगळे फिल्टर काढून, मेशऐवजी साधे शब्द टाकून. भारतातले लेख एकामागून एक समोर आले.

असं का होतं ते समजून घ्या. पबमेड १९९६ मध्ये सुरू झालं आणि आज त्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत, पण त्या सगळ्या एका प्रतीच्या नाहीत. मोठा भाग मेडलाइनचा, म्हणजे निवडक जर्नल्सच्या सूचीचा आहे. मेडलाइनमधल्या प्रत्येक लेखाला मेश लावलेलं असतं. त्याशिवाय पबमेड सेंट्रल, म्हणजे पीएमसी, या पूर्ण लेखांच्या भांडारातूनही नोंदी पबमेडमध्ये येतात, आणि त्यातली जी जर्नल्स मेडलाइनमध्ये नाहीत त्यांच्या लेखांना मेश लागत नाही. सामुदायिक आरोग्यावरची आपली बरीच भारतीय जर्नल्स या दुसऱ्या वाटेने आलेली आहेत. लिंग, वय, ‘ह्युमन्स’ हे फिल्टर मेशच्या आधारावर चालतात. मेश नाही म्हणजे फिल्टरला तो लेख दिसतच नाही. लेख लातूरच्या गरोदर बायकांवरचा असला तरी ‘फीमेल’ लावताच तो गळतो, आणि गळला आहे हे पडद्यावर कुठेही लिहून येत नाही.

तेव्हापासून मी असं सांगते: प्रत्येक कंसात मेशचा शब्द आणि साधे शब्द दोन्ही ठेवा. फिल्टर लावायचाच तर वर्षांचा लावा, पाच किंवा दहा, तुमच्या गाईडने सांगितला असेल तो. बाकीची चाळणी शीर्षक आणि गोषवारा वाचून हाताने करा. दोनशे निकाल चाळायला एक दुपार लागते. ती द्या.

आपल्या भागातले लेख: गावाचं नाव कोणतं टाकलं?

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं. त्याआधी छापून आलेल्या प्रत्येक लेखात जुनीच नावं आहेत आणि डेटाबेस ती बदलत नाही. नवीन नाव टाकून ‘आपल्या जिल्ह्यावर कामच झालेलं नाही’ असा निष्कर्ष काढलेला सिनॉप्सिस मी पाहिला आहे, आणि रिसर्च गॅप म्हणून तो मंजूरही झाला होता. दोन्ही नावं ‘ऑर’ने जोडा. अंबाजोगाईच्या स्पेलिंगमध्ये ए आणि इ दोन्ही चालतात. बीड तर जुन्या कागदांत तीन-तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं.

शिवाय गावाचं नाव लेखाच्या शीर्षकात असेलच असं नाही. ‘मध्य भारतातील एक ग्रामीण रुग्णालय’ किंवा ‘टर्शरी केअर हॉस्पिटल’ एवढंच लिहिण्याची पद्धत आहे. अशा वेळी लेखकाच्या पत्त्यावर शोधा. पबमेडच्या ॲडव्हान्स्ड पानावर ‘ॲफिलिएशन’ हा रकाना निवडून लातूर, नांदेड, औरंगाबाद असं टाकलं की तिथल्या संस्थांमधून लिहिलेले लेख मिळतात. औरंगाबादच्या घाटी रुग्णालयातल्या किंवा नांदेडच्या शासकीय रुग्णालयातल्या कुणी तुमच्या विषयावर आधी काम केलं आहे का, हे असंच कळतं. त्या माणसाला भेटायला एसटीने जाता येतं, हा मोठा फायदा आहे.

टक्केवारी हवी असेल तर ती लेखांमध्ये शोधत बसू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं मोफत मिळतात. पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये ॲनिमियाचं प्रमाण देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४.२ टक्के आढळलं. दुसऱ्याच्या लेखातून तिसऱ्याने घेतलेला आकडा उचलण्यापेक्षा मूळ पत्रकातून घ्या.

दिसतंय पण उघडंना

‘सगळं लॉक दावतंय मॅडम, चाळीस डॉलर मागतंय.’ पैसे भरू नका. आणि लेख मिळणार नाही असंही धरू नका.

आधी समजून घ्या की पबमेड ही लेखांची सूची आहे, लेखांचं कपाट नाही. नोंद पबमेडमध्ये, लेख प्रकाशकाच्या दारात. ते दार तुमच्या कॉलेजने वर्गणी भरली असेल तर उघडतं, आणि तुम्ही त्या कॉलेजचे आहात हे प्रकाशकाला बहुधा नेटवर्कच्या आयपी पत्त्यावरून कळतं. म्हणून पहिला प्रश्न: तुम्ही कुठल्या नेटवर आहात? ग्रंथालयात बसून मोबाईलच्या डेटावर असाल तर प्रकाशकासाठी तुम्ही रस्त्यावरचे अनोळखी आहात. डेटा बंद करा, कॉलेजच्या वाय-फायवर या, व्हीपीएनचं ॲप असेल तर तेही बंद करा, पान पुन्हा उघडा. या एवढ्यानेच बऱ्याच जणांचं कुलूप निघतं. घरून किंवा होस्टेलवरून वाचायचं असेल तर दूरस्थ लॉगिन लागतं, ते ग्रंथपालाकडून मागून घ्या. मागायला लाजू नका, ते देणं आमचं कामच आहे.

सरकारी कॉलेजांसाठी आता मोठी सोय झाली आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. काम गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ-ग्रंथालयांसाठीचं केंद्र बघतं. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांना ती लागू आहे. तुमचं कॉलेज सरकारी असेल आणि अजून कुलूपच दिसत असेल तर कॉलेजची नोंदणी झाली आहे का, हे प्राचार्यांना लेखी विचारा.

मराठवाड्यातली बरीच नर्सिंग कॉलेजं खाजगी आहेत आणि पहिल्या टप्प्यात ती या योजनेत नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पीएचसीत आणि तालुक्याच्या दवाखान्यात उभ्या राहणाऱ्या किती तरी सिस्टर याच कॉलेजांतून शिकून निघतात. त्यांच्यासाठी वाटा आहेत, फक्त थोड्या चालाव्या लागतात.

पबमेडच्या नोंदीत उजवीकडे ‘पीएमसी’चं चिन्ह आहे का बघा, असेल तर लेख पूर्ण मोफत. नसेल तर लेखाचं शीर्षक गुगल स्कॉलरमध्ये टाका आणि खालची ‘ऑल व्हर्जन्स’ ओळ उघडा, लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या साठ्यात ठेवलेली प्रत तिथे बरेचदा निघते. डीओएजे ही २००३ पासून चाललेली मोफत जर्नल्सची सूची आहे, तिथे थेट शोधता येतं. कॉलेज दिल्लीच्या डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सदस्य असेल तर ग्रंथपाल तिथून लेख मागवू शकतात. आणि लेखकाला ईमेल लिहा. चार ओळी पुरतात: मी कोण, कुठल्या कॉलेजची, कशावर काम करते, हा लेख पाठवाल का. केजच्या मुलीने परदेशातल्या एका संशोधकाला असा ईमेल लिहिला तेव्हा तिचा हात थरथरत होता. दोन दिवसांत पीडीएफ आली, सोबत त्यांची प्रश्नावलीही.

गाईडने ‘सिनाहल बघ’ म्हटलं आणि कॉलेजकडे ते नसलं तर? सिनाहल ही खास नर्सिंगची सूची, १९६१ पासून निघणारी, आणि ती वर्गणीची आहे. असेल तर तिथूनच सुरुवात करा, कारण शुश्रूषेचे बारकावे, नर्सचा अनुभव, रुग्णाच्या नातेवाइकांचं म्हणणं, हे तिथल्या विषयनावांत जास्त नीट मांडलेलं आहे. नसेल तर पबमेड आणि डीओएजे मिळून काम भागतं. तसं गाईडना स्पष्ट सांगा आणि सिनॉप्सिसमध्ये नेमके कोणते डेटाबेस पाहिले ते प्रामाणिकपणे लिहा.

‘पीअर रिव्ह्यूड’चं बटण कुठंय?

पीअर रिव्ह्यूड म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेलं. पबमेडमध्ये ते बटण नाही. शोधत बसू नका. सिनाहलमध्ये आहे, पण ते जर्नलला लागतं, लेखाला नाही. त्यामुळे चांगल्या जर्नलमधलं संपादकीयसुद्धा त्यात येतं. सोबत ‘रिसर्च आर्टिकल’ लावा. पद्धती, नमुना, निष्कर्ष हे भाग लेखात आहेत का ते स्वतः बघा.

जर्नल खरं आहे की पैसे घेऊन काहीही छापणारं, अशी शंका आली तर नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाका. सध्या मेडलाइनमध्ये आहे की नाही ते तिथे लिहिलेलं असतं. नाही म्हणजे खोटं, असा अर्थ मात्र घेऊ नका; मग डीओएजेमध्ये बघा, गाईडला विचारा. व्हॉट्सॲपवर ‘तीन दिवसांत प्रकाशन’ असा मेसेज आला असेल तर विचारायचीही गरज नाही.

संदर्भ आहे, पण लेखच नाही

ही तक्रार अलीकडे वाढली आहे. मुलगी यादी घेऊन येते, ‘हे वीस लेख काढून द्या.’ लेखकाचं नाव, वर्ष, पानं, सगळं व्यवस्थित. आणि शोधायला गेलं तर त्यातले कित्येक अस्तित्वातच नसतात. एआय चॅटबॉटला ‘माझ्या टॉपिकवर संदर्भ दे’ म्हटलं की तो खऱ्यासारखे दिसणारे संदर्भ रचूनही देतो. जुन्या सिनॉप्सिसमधून उचललेल्या यादीतही अशीच गडबड असते: कुणीतरी वर्ष चुकीचं लिहिलं, पुढच्या पाच जणांनी तेच उतरवलं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. पबमेडमध्ये ‘सिंगल सायटेशन मॅचर’ नावाचं पान आहे. जर्नल, वर्ष, पहिलं पान, लेखकाचं आडनाव, यातलं जे असेल ते टाका. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, असेल तर डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून बघा, लेख असेल तर तो उघडतो. दोन्हीकडे नाही, स्कॉलरवरही नाही, तर तो संदर्भ खोडा. जो लेख तुम्ही उघडून वाचला नाही तो यादीत ठेवू नका. उद्या तुमच्या डिझर्टेशनवरून कुणी वॉर्डात पाठ फिरवण्याचं वेळापत्रक ठरवेल, औषधाचा डोस समजावून सांगेल.

काल सापडलेला आज मिळेना

वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवायची सगळ्यांना सवय आहे. वर्गणीच्या डेटाबेसमध्ये तो पत्ता अनेकदा त्या बैठकीपुरताच असतो, लॉगिन संपलं की मेला. तिथे ‘पर्मालिंक’, म्हणजे न बदलणारा पत्ता, शोधून तो घ्या. पबमेडमध्ये लेखाखाली पीएमआयडी नावाचा क्रमांक असतो, तो वहीत लिहिला की पुरे. नुसता क्रमांक पेटीत टाकला की लेख समोर.

शोधाचा इतिहास पबमेड आठ तास वापर नसेल तर पुसून टाकतं. रात्रपाळीला जाण्याआधी केलेला शोध सकाळी परत आल्यावर नसतो, तो याच कारणाने. पबमेड चालवणाऱ्या एनसीबीआयचं मोफत खातं उघडा, गुगलच्या खात्यानेही लॉगिन होतं, आणि शोधाखालचं ‘क्रिएट अलर्ट’ दाबून तो जतन करा. नवा लेख आला की ईमेलही येतो.

आणि एवढं करूनही अडलं तर या. येताना तीन गोष्टी आणा: पेटीत टाकलेली ओळ जशीच्या तशी, कंसांसकट, निकालांच्या पानाचा स्क्रीनशॉट, वरची फिल्टरची ओळ दिसेल असा, आणि हवा तसा एक तरी लेख, कुठूनही सापडलेला. त्या एका लेखाच्या नोंदीत खाली लावलेले मेश शब्द आणि शेजारचे ‘सिमिलर आर्टिकल्स’ यांवरून पुढचा रस्ता आपण दोघी मिळून काढू. दुपारी जेवणाच्या सुट्टीत गर्दी असते, चारनंतर आलात तर निवांत बसता येईल.